मुळशीला गेलेल्या तीन मेंढ्या: एक स्टार देणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू आधी पुतणीनं वाचून दाखवला, मग मी स्वतः दोनदा वाचला. इतरांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. मृग लागून आठवडा झाला असेल, तेव्हा तुम्ही आमच्याकडून तीन दोनदाती, म्हणजे वर्ष-दीड वर्षाच्या, माद्या नेल्या. मुळशीतल्या तुमच्या जागेत आंब्याच्या झाडांमधलं गवत खायला त्या हव्या होत्या. दहाव्या दिवशी त्यातली एक मेली. तुमचं म्हणणं असं, की आम्ही आजारी मेंढी गळ्यात मारली, वजनात फसवलं, बाजारापेक्षा जास्त पैसे घेतले, लसीचा कागद दिला नाही, उरलेल्या दोन परत घेतल्या नाहीत, आणि वर फोनवर उर्मटपणा केला.

या सगळ्यात माझी सगळ्यात मोठी चूक राहूनच गेली आहे. ती मीच सांगतो. जून महिन्यात मुळशीला मेंढ्या मी विकायलाच नको होत्या.

आमची मेंढी दख्खनी. जेजुरी-मोरगाव पट्ट्यातल्या कोरड्या माळावर वाढलेली. इथे पाऊस येतो तो पाहुण्यासारखा. तुमच्याकडे, ताम्हिणीच्या बाजूला, तो मुक्कामालाच असतो. माझे आजोबा वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, घेऊन फिरायचे. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचे, भात निघालेल्या खाचरांत मेंढ्या बसवायचे, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचे आणि पावसाच्या आत परत माळावर यायचे. आमच्या भागातले वाडे आजही असेच जातात-येतात. हौस म्हणून कोणी एवढी पायपीट करत नाही. सतत ओल राहिली की खुरं सडतात, भिजलेली लोकर अंगावर वाळत नाही, फुप्फुसाला सर्दी धरते. पाणथळ गवतावर गोगलगायी असतात, त्यांच्यामुळे यकृतात चपटे कृमी होतात. हे मला शेंबडा असल्यापासून माहीत आहे. तरी तुमचे मिस्टर टेम्पो घेऊन आले, तेव्हा "कुठे न्यायच्यात?" एवढं मी विचारलं नाही. पाठीवर हात फिरवून दाखवला, दात दाखवले, पैसे मोजून घेतले. गिऱ्हाईक दारात उभं असलं की शहाणपण गोठ्यात राहतं, दुसरं काय.

आता मेलेल्या मेंढीबद्दल.

तुमची शंका रास्त आहे. नेल्यापासून दहा दिवसांत जनावर गेलं, तर आजार विकणाऱ्याकडूनच आला असं कोणालाही वाटेल. पीपीआरसारखा (मेंढ्या-शेळ्यांत पसरणारा विषाणूचा) रोग अंगात शिरल्यावर दिसायला चार-सहा दिवस, कधी त्याहून जास्त लागतात, तेव्हा हिशेब जुळतोही. पण पीपीआरमध्ये ताप येतो, डोळ्या-नाकातून घाण वाहते, तोंडात फोड येतात, हगवण लागते, आणि तो एका जनावरावर थांबत नाही. तुमच्या उरलेल्या दोघी ठणठणीत आहेत. माझ्याकडच्या सेहेचाळीसपैकी एकही शिंकलेली नाही.

तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत ती मान टाकून बसली आहे, डावी कूस फुगली आहे, दात खाते आहे, शेण पातळ आहे. मी डॉक्टर नाही. म्हणून तो व्हिडिओ आमच्या भागातल्या पशुवैद्यकांना दाखवला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "धान्य किंवा शिजलेलं काही खाल्लं होतं का?" तुमच्या मिस्टरांनीच फोनवर सांगितलं होतं, की रविवारी पाहुणे होते आणि उरलेला भात नि पुऱ्या मुलांनी मेंढ्यांना घातल्या. शवविच्छेदन झालेलं नाही, त्यामुळे शंभर टक्के कोणीच सांगू शकणार नाही. पण मेंढीच्या पोटात गवत पचवणारे जिवाणू असतात. त्यांना एकदम भात, पोळी, पीठ मिळालं की पोटात आम्ल होतं, पोट चालेनासं होतं, आणि एक-दोन दिवसांत जनावर जातं. सगळ्यात धीट आणि खादाड असते ती आधी जाते, कारण तिनंच सगळ्यात जास्त खाल्लेलं असतं. तुमची गेली ती तिघींतली सगळ्यात वजनदार, २९ किलोची.

यावर "मग चूक आमची" असं तुम्ही म्हणायच्या आधी पुढचं सांगतो. तुमच्या मुलीनं आमच्या गोठ्यावरच्या पोराला विचारलं होतं, "या काय काय खातात?" आणि तो म्हणाला, "काही पण खातात." मी तिथेच दावी सोडत होतो. ऐकलं आणि गप्प बसलो. आमच्या बोलण्यात "काही पण" म्हणजे बाभळीच्या शेंगा, तुरीचं भुसकट, भुईमुगाचा पाला. कोथरूडहून आलेल्या मुलीनं त्याचा अर्थ काय घ्यावा? मेंढीला धान्य द्यायचंच असेल तर मूठभरापासून सुरू करून दहा-पंधरा दिवसांत वाढवत न्यायचं असतं. हे सांगायला अर्धं मिनिट लागतं.

लसीच्या कागदाचं तुमचं म्हणणं पूर्ण खरं. लसी झाल्या होत्या. पीपीआरची फेब्रुवारीत आणि आंत्रविषाराचे (आतड्यात विष तयार होऊन मेंढी दगावते तो रोग) दोन्ही डोस पावसाच्या आधी मे महिन्यात. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी नंबर आहे, पशुवैद्यकीय दवाखान्यात तो सांगितलात तर सरकारी लसीची नोंद निघेल. पण कागद तुमच्या हातात द्यायचा राहिला तो राहिलाच. आता तो टेम्पोवाल्याच्या हातात नाही, घेणाऱ्याच्या हातात देतो आणि सही घेतो.

वजनाचं मात्र ऐकून घ्या. आमच्या काट्यावर तिघी मिळून ८३.५ किलो भरल्या. तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ७८. फरक साडेपाच किलोचा. काट्यात खोट नाही, तुमच्या मिस्टरांनी स्वतः त्यावर उभं राहून बघितलं होतं. मेंढी संध्याकाळी चरून आली की तिच्या पोटात चारा-पाण्याचं बरंच वजन असतं. नंतर दिवेघाट उतरून पुण्यातून पार मुळशीपर्यंत चार तास टेम्पोत उभी, घाबरलेली, लेंड्या टाकत, मुतत, आणि रात्रभर नव्या जागी तोंड न लावता. असं वजन उतरतंच. काही व्यापारी याचा उलटा फायदा घेतात. विकायच्या आधी मीठ चाटवतात, म्हणजे जनावर बादलीभर पाणी पितं आणि काटा खूश होतो. ते आम्ही केलेलं नाही. पण संध्याकाळी भरल्या पोटी वजन करून किलोवर पैसे घेतले, हे केलं. तुम्ही पोटातल्या गवताचे ४५० रुपये किलोनं पैसे मोजलेत. ते मला पटलेलं नाही, म्हणून आता वजन सकाळी, चरायला सोडायच्या आधीच करतो.

महाग आहे, हेही खरं. शनिवारी चाकणच्या बाजारात गेलात तर कमी पैशांत मिळेल. तिथे किलो नसतो, नग असतो. रुमालाखाली बोटं दाबून दर ठरतो, दलालाचा हात मध्ये असतो. ज्याला पाठीचा कणा चाचपून मांस ओळखता येतं, तो तिथे फायद्यात राहतो. ज्याला येत नाही, तो घरी येऊन रिव्ह्यू लिहायलाही कोणाला शोधणार? बाजार वाईट नाही, माझे वडील तिथेच व्यवहार शिकले. पण दहा गावांच्या मेंढ्या एका कुंपणात उभ्या असतात आणि कोणती कुठून आली हे संध्याकाळी कोणालाच ठाऊक नसतं.

आम्ही टाकलेल्या फोटोतल्या मेंढ्याचा उल्लेखही तुम्ही रिव्ह्यूत जाता जाता केलाय. तो पांढरा, तपकिरी ठिपक्यांचा, पोपटासारख्या नाकाचा नर माडग्याळ जातीचा आहे, जत तालुक्याकडची जात. तो विक्रीला नव्हता आणि नाही. फोटो काढून टाकला आहे.

आता परत घेण्याबद्दल, आणि त्या फोनबद्दल. तुमचा फोन आला तेव्हा मी काटेवाडीत होतो. तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, आमच्या भावकीतल्या मेंढ्या त्यात होत्या, आणि टाळ-मृदंगात मला तुमचं निम्मं बोलणं ऐकू आलं नाही. मी ओरडून "एकदा विकलं की विकलं" म्हणालो. तुम्ही रडत होतात, हे मला नंतर पुतणीकडून कळलं. त्या शब्दांबद्दल माफी मागतो.

निर्णय मात्र तोच आहे. बाहेर राहून आलेली मेंढी मी कळपात घेत नाही, कोणाचीही नाही, सख्ख्या मेव्हण्याचीही नाही. घ्यायची तर किमान तीन आठवडे वेगळी ठेवावी लागते, वेगळं पाणी, वेगळा चारा, वेगळा माणूस. माझी जागा अर्ध्या एकराची. एक आजारी आली तर सेहेचाळीस जातील, आणि त्यांतल्या एकोणीस गाभण आहेत.

पैशांचं असं: साडेपाच किलोचे २,४७५ रुपये मी परत करतो. मेलेल्या मेंढीचे १३,०५० झाले होते, त्यातले निम्मे, ६,५२५. दोन्ही मिळून ९,०००. पूर्ण का नाही, असं विचाराल. भात मी घातला नव्हता. निम्मे तरी का, असं माझी बायको विचारते. "काही पण खातात" हे माझ्या गोठ्यात बोललं गेलं, म्हणून. रक्कम उद्या तुमच्या त्याच नंबरवर येईल. रिव्ह्यू काढा किंवा राहू द्या, त्याचा या पैशांशी संबंध नाही.

उरलेल्या दोघींना एकमेकींपासून तोडू नका. एकटी मेंढी खाणं सोडून दिवसभर ओरडते. पाऊस संपेपर्यंत त्यांना जमिनीपासून दोन फूट उंच, फळ्यांमध्ये बोटभर फट असलेला मचाण हवा, म्हणजे लेंड्या आणि मूत खाली पडेल. वर पत्रा, पावसाच्या बाजूला ताडपत्री. सकाळी दव वाळल्याशिवाय सोडू नका. ओढ्याकाठच्या ओल्या गवतावर तर अजिबात नाही, त्यापेक्षा कापून आणून सुकवलेलं घाला. जंताचं औषध कधी आणि किती, ते जवळच्या दवाखान्यात वजन सांगून विचारा, अंदाजानं पाजू नका. आणि हे सगळं झेपणार नसेल तर तसं सांगा. सासवडजवळ माझ्या ओळखीचा एक जण दोन्ही घ्यायला तयार आहे, दर त्याच्याशी तुम्हीच बोला.

येत्या रविवारी मी मुळशीला येतो, खुरं साळायला. तुमच्या मिस्टरांनी पाठवलेल्या फोटोत एकीचं मागचं खूर वाढलेलं दिसतंय आणि ती पाय उचलून धरते आहे. पाय बुडवायच्या पाण्यासाठी मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) मी आणतो. एक पसरट घमेलं तेवढं काढून ठेवा, आणि पाय बुडवून झाल्यावर ते पाणी लगेच दूर नेऊन ओतायला कोणीतरी उभं राहू द्या. तांबं मेंढीला विष असतं, आणि त्या दोघी तहानलेल्या असल्या तर त्यात तोंड घालतील.