वी ची पट्टी गेली म्हणून मशीन भंगारात देऊ नका

आपल्या परभणीच्या ग्रुपवर दोन दिवसापासून मेसेज फिरायलाय की निन्टेंडो वी (टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) च्या टीव्हीपाशी ठेवायच्या पट्टीत कॅमेरा असतो, तो आपला हात बघतो, अन् पट्टी गेली की मशीन अन् सगळ्या डिस्क बेकार. हे खरं नाही.

पट्टीला सेन्सर बार म्हणतात, नावामुळंच घोळ होतो, पण तिच्यात सेन्सर नसतोच, दोन्ही टोकांला नुसते इन्फ्रारेड एलईडी (डोळ्याला न दिसणारा उजेड देणारे बारके दिवे) असतात, कॅमेरा रिमोटच्या तोंडाला असतो अन् तो ते दोन उजेड बघून स्क्रीनवरचा हाताच्या चित्राचा पॉइंटर कुठं दाखवायचा ते ठरवतो. काल मी पट्टीची वायर काढली, टीव्हीखाली वीतभर अंतरानं दोन मेणबत्त्या लावल्या (त्यांच्यातूनबी इन्फ्रारेड उजेड निघतो), मेन्यूतला तो हात बरोबर सरकला! (घरात लेकरं असतात, रोज असं करू नका, बॅटरीवरची पट्टी मिळते.) वी स्पोर्ट्स या गेममधी टेनिसची रॅकेट फिरवणं तर रिमोटमधल्या अॅक्सेलरोमीटरवर (हालचाल ओळखणाऱ्या भागावर) चालतं.

अन् डिस्क तर अजिबात टाकू नका, वी चं ऑनलाइन दुकान ३० जानेवारी २०१९ लाच बंद झालंय, तिथून आता नवा गेम विकत घेता येत नाही.

तो मेसेज पुढं पाठवू नका, ज्यांना पाठवलाय त्यांना हे सांगा.