उजनी धरण प्लस की मायनस, म्हणजे उपयुक्त साठा उरला की संपला, ते नंतर. आधी गच्ची बघा

नळाला पाणी आलं की सोलापुरात पहिलं काम काय? पिंपातलं 'शिळं' पाणी गटारात. चार-चार दिवस नळाची वाट बघायची आणि तो आला की उरलेलं ओतून द्यायचं! झाकून ठेवलेलं पाणी शिळं होत नाही हो. त्यातलं क्लोरीन उडतं, एवढंच. प्यायला उकळून घ्या, बाकीचं भांड्यांना, फरशीला, संडासला वापरा. डासांसाठी आठवड्यातून एकदा पिंप घासून कोरडं करायचंच, पण वापरून रिकामं झाल्यावर. उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटर ढकलत आणावं लागतं, म्हणजे पाण्याबरोबर वीजही गटारात.

आता गच्ची. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांची गच्ची ९३ चौरस मीटर भरते. आपला वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला म्हटलं, तरी ४० हजार लिटर होतात. माणशी रोज १३५ लिटरच्या सरकारी मापाने चौघांचं घर यावर अडीच महिने चालतं. दुष्काळी जिल्हा म्हणून कपाळाला हात लावणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून बघावा.

बिघडतं ते पाइपात. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाजूला काढायला प्लंबर चार इंची पाइपाचा तीन फुटी तुकडा लावून मोकळा होतो. त्यात मावतं जेमतेम सात लिटर. ९३ चौरस मीटरच्या गच्चीवरचा पहिला मिलिमीटरच ९३ लिटरचा असतो! म्हणजे धूळ, कबुतरांची घाण, सगळं सरळ टाकीत. तिथे शंभर लिटरचा ड्रम हवा, आणि तळाला बारीक गळती ठेवायची, म्हणजे पुढच्या पावसापर्यंत तो आपोआप रिकामा होतो. बूच घट्ट लावलं तर ड्रम भरलेलाच राहतो आणि पुढच्या पावसाची घाण टाकीत जाते.

बोअरमध्ये गच्चीचा पाइप थेट सोडणं तर शुद्ध मूर्खपणा. खडकाच्या ज्या फटींतून पाणी येतं त्या गाळाने बुजतात, मग कितीही रडा. केसिंगभोवती, म्हणजे बोअरच्या वरच्या पाइपाभोवती, खड्डा घ्या. खाली दगड, वर खडी, त्यावर जाळी, मग वाळू. जाळी विसरलात तर वाळू खडीत उतरून बसते. वरची दोन-तीन इंच वाळू दरवर्षी काढून धुवायची. नुसता शोषखड्डा करणार असाल तर काळ्या मातीत थांबू नका. ती भिजली की फुगते आणि पाणी वरच तुंबतं. मुरूम लागेपर्यंत खणा, आणि घराच्या पायापासून दहा फूट लांब.

मृगात गच्ची झाडली म्हणून भागत नाही. आपल्याकडे जोराचा पाऊस सप्टेंबरात, आणि मधल्या कोरड्या दिवसांत गच्चीवर पुन्हा धुळीचा थर चढतो. पूर्वा नक्षत्र लागायच्या आत एकदा खराट्याने स्वच्छ झाडा, ड्रम उघडून गाळ काढा.