मीटर जास्तच दाखवतो म्हणणाऱ्यांनी एकदा दगड मोजा

आत्ताच घरी पोचलोय, बॅगा तशाच दारात पडल्यात, पण हे लिहिल्याशिवाय मला आज झोप लागायची नाही. कोल्हापूरहून लग्न उरकून येत होतो. पुतण्या गाडी चालवत होता, शेजारी आमचे हे, मागे मी आणि जाऊबाई, आणि जाऊबाईंच्या मांडीवर त्यांची दोन वर्षांची नात झोपलेली. सातारा सोडला, पाचवड गेलं, रस्ता जरा मोकळा मिळाला आणि बघते तर काटा एकशेदहावर. म्हटलं अरे हळू जरा, पोर आहे मांडीवर. तर म्हणतो, "काकू, मीटर दहा टक्के जास्तच दाखवतो. कंपनीच तसं सेट करून देते. आपण खरे शंभर पण नाहीयोत." आणि गाडीत सगळे हसले. आमचे हेसुद्धा.

हसल्याचं मला काही नाही, हसू देत. पण ते "जास्तच दाखवतो" आहे ना, ते ऐकलं की माझ्या डोक्यात काहीतरी होतं. कारण मी ज्या माणसाची मुलगी आहे त्या माणसाने आयुष्यभर कुठल्याही गाडीच्या काट्यावर आंधळा विश्वास ठेवला नाही, आणि त्याला कारण होतं.

माझे वडील, अण्णा, साखर कारखान्याची जीप चालवायचे. मी तिसरीत असेन, सुट्टीत मला बरोबर न्यायचे. मनगटावरचं एचएमटीचं घड्याळ काढून माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "किलोमीटरचा दगड आला की ओरड, पुढचा दगड आला की परत ओरड, मधे किती सेकंद गेले ते सांग." मी सीटच्या कडेला बसून सेकंद काट्याकडे बघत राहायची, ते घड्याळ माझ्या दोन्ही मुठीत मावायचं नाही, आणि दगड आला की जीव खाऊन ओरडायची. साठ सेकंद लागले तर वेग साठ. बहात्तर लागले तर पन्नास. नव्वद लागले तर चाळीस. छत्तीसशेला सेकंदांनी भागायचं, एवढंच गणित. मला भागाकार शाळेत नाही, त्या जीपमध्ये आला.

हे मी गाडीत सांगायला लागले तर जाऊबाई म्हणाल्या, अगं आता मोबाईल आहेत. हो, आहेत, आणि जीपीएसचा वेग मोकळ्या सरळ रस्त्यावर एकसारखी गाडी चालवली तर चांगला बरोबर असतो, हे मी मान्य करते. बोगद्यात नाही, गाडी झपकन पळवताना नाही, तिथे तो मागून येतो. पण बघतं कोण? मोबाईल असतो रील बघायला. मीटर खरा आहे का हे बघायला तो आजपर्यंत एकाने तरी काढलाय का, सांगा मला.

आता त्या "दहा टक्के"वर येते, कारण अर्धी माहिती हाच खरा घोळ आहे. नवीन गाडीचा मीटर थोडा जास्त दाखवतो हे खरं आहे, नाही म्हणत नाही. बऱ्याच देशांत गाड्या बनवणारे जो संयुक्त राष्ट्रांचा ३९ नंबरचा नियम पाळतात त्यात लिहिलंय की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, आणि जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के आणि वर ४ किलोमीटर, एवढ्यापर्यंत चालेल. म्हणजे खरा वेग ८० असताना काटा ८० ते ९२ मधे कुठेही असू शकतो. कुठेही! ८० वर पण असू शकतो. ती वरची मर्यादा आहे, प्रत्येक गाडीत दहा टक्के भरून ठेवलेत असं कुठेही लिहिलेलं नाही. आणि हे सगळं कंपनीने दिलेल्या मापाच्या टायरवर.

टायर. इथेच तर सगळं आहे. पुतण्याने ही गाडी सेकंडहँड घेतलीय, आणि आधीच्या मालकाने की मधल्या डीलरने कुणी माहीत नाही, टायर मोठे चढवलेत. दिसायला भारी दिसतात म्हणून. दाराच्या कडेला जो स्टिकर असतो ना हवेच्या प्रेशरचा, त्यावर लिहिलंय १८५/६५ आर १५. आणि खाली टायर आहेत २०५/६५ आर १५. पहिला आकडा रुंदी, दुसरा म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के, म्हणून रुंदी वाढली की चाकही मोठं होतं. चहाला थांबलो तेव्हा मी स्वतः वाकून वाचलं, साडी सावरत, लोक बघत होते, बघू देत.

आता मीटरला रस्ता दिसत नाही. त्याला फक्त चाक किती वेळा फिरलं ते कळतं. पहिलं माप धरलं तर कागदावरच्या हिशोबाने चाक एका किलोमीटरला साधारण ५१२ वेळा फिरतं. मोठ्या टायरला ४९२ वेळाच फिरावं लागतं. वीस फेरे कमी! गाडी तेवढंच अंतर गेली पण मीटरला वाटतं कमी गेली. चार टक्क्यांच्या वर फरक. म्हणजे तो मीटर जास्त दाखवायचा जो काही थोडाफार वाव होता तो या टायरने खाऊन टाकला, वर अजून उसनवारी केली. आणि उलट, टायर झिजला की चाक लहान होतं, मग मीटर जास्त दाखवतो, नवीन टायर टाकले की परत खाली येतो. म्हणजे एकाच गाडीचा मीटर वर्षावर्षाला बदलतो आणि आपण म्हणतो "दहा टक्के".

पुतण्या म्हणतो, टायरवाल्याला विचारलं होतं, तो म्हणाला काही फरक पडत नाही, उलट ग्रिप वाढते. याच्यावर मी काय बोलू. ज्याला टायर विकायचाय तो तुम्हाला मीटरचं कशाला सांगेल? आणि आपण शिकलेली माणसं, दोन दोन डिग्र्या घेतलेली, मोबाईलचं कव्हर घेताना चाळीस रिव्ह्यू वाचणारी, टायर घेताना रंग आणि रुंदी बघतो. चीड येते खरंच.

मी म्हटलं ठीक आहे, आता मोजू. ऐंशीवर ठेव काटा आणि हलवू नकोस. वैतागला, पण ठेवला. मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं, खिडकीला नाक लावून बसले आणि दगड आला की बटण. एका दगडावर भरवसा ठेवायचा नाही हे अण्णांनीच शिकवलेलं. रस्ता रुंद करताना दगड मागेपुढे होतात, आपला हातसुद्धा अर्धा सेकंद चुकतो, म्हणून निदान पाच किलोमीटर, म्हणजे सहा दगड घ्यायचे. ऐंशीच्या वेगाला पाच किलोमीटरला २२५ सेकंद लागायला हवेत. लागले २१८. म्हणजे खरा वेग साडेब्याऐंशी. म्हणजे तो जेव्हा एकशेदहा दाखवत होता आणि हा म्हणत होता की खरे शंभर पण नाहीयोत, तेव्हा आम्ही एकशे तेराच्या आसपास होतो. मांडीवर दोन वर्षांचं पोर.

गाडीत कुणी हसलं नाही.

तर आमचे हे काय म्हणतात, "जाऊ दे गं, तीन किलोमीटरने काय होतंय." तीन किलोमीटरने काय होतंय! मान्य, तीनने आभाळ कोसळत नाही. पण हा तर तेरा किलोमीटर चुकला होता की नाही? त्याच्या डोक्यातला आकडा शंभर आणि रस्त्यावरचा एकशे तेरा. गाडी थांबायला ब्रेक दाबल्यावर जे अंतर लागतं ते वेगाच्या वर्गात वाढतं, शंभराला जेवढं लागतं त्याच्यापेक्षा एकशे तेराला सव्वापटीच्या वर. ते अंतर डोक्यातल्या आकड्यावर ठरत नाही.

आणि आता ते सांगते जे मी गाडीत सांगितलं नाही, कारण पुतण्या चालवत होता आणि मला त्याचं मन विचलित करायचं नव्हतं.

अण्णांनी ते घड्याळ माझ्या हातात द्यायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. गाळप हंगाम, जानेवारी, रात्रीची वेळ. अण्णा जीप घेऊन एकटेच कारखान्यावर चालले होते. काटा पंचेचाळीसवर. अण्णा कायम सांगायचे की रात्री पंचेचाळीसच्या वर कधी नेली नाही, कारण जीपच्या दिव्यात जेवढं दिसतं तेवढ्यात पंचेचाळीसला गाडी उभी राहते, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा हिशोब. उसाची एक बैलगाडी शेताच्या वाटेवरून आडवी रस्त्यावर आली, ना कंदील ना काही. अण्णांनी ब्रेक दाबला. हिशोबाने उभी राहायला हवी होती. नाही राहिली.

गाडीवानाला काही झालं नाही. बैल गेला. लगेच नाही गेला, बराच वेळ लागला. तो माणूस रस्त्यावर बसला, बैलाची मान मांडीवर घेऊन, आणि सर्जा, सर्जा एवढंच म्हणत राहिला. अण्णा पहाटेपर्यंत त्याच्याशेजारी बसून होते. हे मला अण्णांनी एकदाच सांगितलं, माझ्या लग्नाच्या आधी, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा तीच जीप, दिवा फुटलेली, घेऊन त्याच रस्त्यावर गेले. काटा पंचेचाळीसवर धरला आणि घड्याळावर दगड मोजला. ऐंशी सेकंद लागायला हवेत. लागले बासष्ट. परत मोजला, एकसष्ट. परत, बासष्ट. म्हणजे खरा वेग अठ्ठावन्न. आधीच्या महिन्यात वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्सचं काम झालं होतं, तिथे मीटरच्या केबलला फिरवणारी जी पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, असते ती दुसऱ्याच गाडीची बसवलेली, दात वेगळे. जुन्या मीटरमध्ये ती केबल एक लोहचुंबक फिरवायची, चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी, चुंबक फिरला की वाटी त्याच्यामागे ओढली जायची, स्प्रिंग तिला अडवून धरायची, आणि वाटीवर काटा. चुंबक, वाटी, स्प्रिंग सगळं चांगलं होतं. मीटर बिघडलेला नव्हता, काटा थरथरत नव्हता, अडकत नव्हता. एकदम शहाण्यासारखा पंचेचाळीसवर उभा होता. अण्णा म्हणायचे, बंद पडलेला मीटर परवडला, माणूस निदान घाबरून हळू तरी चालवतो.

त्या गाडीवानाला कारखान्याने पैसे दिले. अण्णा म्हणायचे पैशाने दुसरा बैल येतो.

त्यानंतर कुठलीही गाडी हातात आली, अगदी कुणाची दोन दिवसांसाठी मागून आणलेली का असेना, अण्णा पहिल्या सरळ रस्त्यावर दगड मोजायचे. आणि मी बरोबर असले की घड्याळ माझ्याकडे. मला वाटायचं खेळ आहे. मी तर जोरात ओरडायची, दगाऽड!, आणि ते हसायचे. त्या हसण्यामागे काय होतं हे मला पंधरा वर्षांनी कळलं.

म्हणून, मित्रमैत्रिणींनो, मला कृपा करून चलानचं सांगू नका. मागच्या वेळी असं काही लिहिलं होतं तेव्हा दोघातिघांनी मला विचारलं होतं की मग कॅमेऱ्याला किती मार्जिन असतं. म्हणजे आपल्याला मीटर तपासायचाय तो कशासाठी, तर दंड न होता अजून किती पळवता येईल हे कळायला? कारला एक ते दोन हजार दंड आहे, भरा आणि विसरा, तो प्रश्नच नाही माझा. माझा प्रश्न तो बैलगाडीवाला आहे. आज त्याच्या जागी रस्ता ओलांडणारी एखादी बाई असेल, शेतातून आलेला ट्रॅक्टर असेल, बिनादिव्याची ट्रॉली असेल. हंगामात तर आहेतच त्या, कराडपासून वरपर्यंत बघा.

कुणी म्हणेल ट्रिपचे किलोमीटर बरोबर येतात मग स्पीड पण बरोबरच असणार. तसं नसतं. बऱ्याच गाड्यांत किलोमीटर बरोबर पडतात आणि वेग मुद्दाम वाढवून दाखवलेला असतो. दोन्ही वेगवेगळे तपासायचे.

बरं, रागाच्या भरात खूप लिहिलं. पुतण्यावर माझा राग नाही, पोरगा गुणाचा आहे. खंबाटकी उतरल्यावर स्वतःच काटा नव्वदच्या खाली घेतला, कुणी सांगितलं नव्हतं. शिरवळच्या पुढे हळूच म्हणाला, काकू अजून एकदा मोजूया का, मघाशी तुमचा हात चुकला असेल. मोजलं. हात चुकला नव्हता. उतरताना म्हणाला की पुढच्या महिन्यात टायर बदलतो, स्टिकरवरच्या मापाचे. मी त्याला म्हटलं बदलल्यावर परत मोजायचं, नवीन टायरला पण. हो म्हणाला.

अण्णांचं घड्याळ माझ्या कपाटात आहे. चावीचं आहे, किती वर्षांत चावी दिली नव्हती. आत्ता हे लिहिता लिहिता दिली, चालू झालं.

रविवारी सकाळी मी माझी स्वतःची गाडी घेऊन खेड शिवापूरच्या पुढे जाणार आहे, मागच्या वर्षी टायर बदलले आणि मीच अजून मोजलेलं नाही. चालवणाऱ्याने घड्याळ बघायचं नसतं, त्यामुळे दगड मोजायला बरोबर एक माणूस लागतो. कुणाला यायचं असेल तर सांगा, सहाला निघू, म्हणजे ट्रॅफिक नसतं. मुलांना आणलंत तरी चालेल.