पुरुषांना हरवून दाखवा म्हणे!

२०२५ च्या नोव्हेंबरात गोव्यात हडफड्याला बुद्धिबळाचा विश्वचषक झाला आणि आमच्याकडे चहाच्या प्रत्येक टेबलावर एक-एक ग्रँडमास्टर बसू लागला. २०६ खेळाडू, त्यांत बाई एकटी, बायकांचा विश्वचषक जिंकलेली नागपूरची दिव्या देशमुख. ती पहिल्याच फेरीत ग्रीसच्या खेळाडूकडून हरली आणि आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच मेसेज पडला, ‘बघा, बायकांचा विश्वचषक जिंकणं वेगळं आणि खऱ्या विश्वचषकात टिकणं वेगळं.’ खाली अंगठ्यांची रांग. एकाने तर कोंकणीतून निकालच दिला, ‘चलयांक जमचें ना.’ म्हणजे मुलींना जमायचं नाही.

त्याच स्पर्धेत आपला जगज्जेता गुकेश तिसऱ्या फेरीत गारद झाला, तेव्हा ग्रुप गप्प होता. ‘पुरुषांना जमत नाही’ असं कोणी लिहिलं नाही. मी लिहिणार होते, पण सकाळी सकाळी भांडण नको म्हणून राहिले. ते राहिलेलं आज इथे लिहिते.

मी सगळी नोकरी पीटी टीचर म्हणून केली, डिचोली आणि फोंडा तालुक्यांतल्या शाळांत. त्यामुळे ‘बायका पुरुषांच्या बरोबरीने खेळू शकतात का’ हा प्रश्न माझ्याकडे पुस्तकातून आलेला नाही. आणि आधीच सांगते, दोन्ही बाजूंचे लोक माझ्यावर नाराज होणार आहेत.

आधी ‘बायका कुठेच कमी नाहीत’ वाल्यांचं. त्यांचं हुकमी पान म्हणजे १९७३ सालचा टेनिसचा सामना. बिली जीन किंगने ह्यूस्टनला बॉबी रिग्सला सरळ तीन सेटमध्ये हरवलं, ६-४, ६-३, ६-३. खरं आहे. पण ती तेव्हा २९ वर्षांची आणि तो ५५ चा. शिवाय त्याच रिग्सने चार महिने आधी मार्गारेट कोर्ट नावाच्या दुसऱ्या टेनिसपटू बाईला ६-२, ६-१ असं गुंडाळलं होतं, ते सांगायचं सगळे सोयीस्कर विसरतात. किंगच्या सामन्याने बायकांच्या टेनिसचं भलं झालं, टीव्हीवर लोक आले, पैसा आला, त्याबद्दल तिला साष्टांग नमस्कार. पण ताकदीचा पुरावा म्हणून तो सामना काही कामाचा नाही. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या वेळी क्रमवारीत २०३ वा असलेला कार्स्टन ब्राश नावाचा जर्मन सेरेनाशी एक सेट खेळला आणि व्हीनसशी एक. दोघींना हरवलं, सेरेनाला ६-१, व्हीनसला ६-२. आणि परवा २०२५ च्या डिसेंबरात दुबईला महिला टेनिसमधली सबालेंका विरुद्ध पुरुषांमधला किर्गिओस असा तमाशा झाला. सबालेंकाच्या बाजूचं कोर्ट लहान केलं, दोघांना सर्व्हिस एकेकच दिली, तरी तो ६-३, ६-३ ने जिंकला. तो जिंकला म्हणून बायकांचं टेनिस हलकं ठरलं का? आणि ती जिंकली असती तर आखूड कोर्टावरच्या त्या विजयाने काय सिद्ध झालं असतं? असले सामने भरवणाऱ्यांच्या तिकिटांपलीकडे त्यात मला काही दिसत नाही.

आता माझ्या स्टॉपवॉचचं सांगते. सहावीच्या वर्गात शंभर मीटर पळवलं की पहिल्या पाचांत दोन-तीन मुली हमखास असायच्या. कधी कधी पहिलीच मुलगी. पेडण्याकडची एक होती, अनवाणी पळायची, बूट घातले तर रडायची. सहावीत तिने वर्गातल्या सगळ्या मुलग्यांना मागे टाकलं. सातवीतही. आठवीत दोघे पुढे गेले. नववीत तिची वेळ आधीच्या वर्षापेक्षा सुधारलेली होती, मी वहीत लिहिलेली आहे, आणि तरी ती मुलग्यांमध्ये सातवी-आठवी आली. तिचं काही चुकलं नव्हतं. तिने सराव सोडला नव्हता. मुलग्यांचा आवाज फुटला, खांदे रुंद झाले, एका उन्हाळ्यात चार बोटं उंची वाढली. तिनेच मला विचारलं, ‘टीचर, मी स्लो झाले का?’ मी वही उघडून तिला तिचेच आकडे दाखवले. ती बराच वेळ त्या वहीकडे बघत राहिली, मग म्हणाली, ‘मग मला त्यांच्याबरोबर का पळवता?’

ह्यापेक्षा नेमका प्रश्न मला पुढे कोणत्याही प्रशिक्षण शिबिरात कोणी विचारला नाही.

वयात येताना मुलग्यांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन इतकं वाढतं की प्रौढ पुरुषात ते बाईच्या पंधरापट किंवा त्याहून जास्त असतं. त्याने स्नायू वाढतात, रक्तातलं हिमोग्लोबिन वाढतं, हाडं लांब आणि जाड होतात, हृदय आणि फुप्फुसं मोठी होतात. हा फरक मेहनतीने भरून निघत नाही, कारण समोरचाही मेहनत करतोच आहे. उसेन बोल्टचा विक्रम ९.५८ सेकंद, फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनरचा १०.४९. लांब उडीत पुरुषांचा ८.९५ मीटर, बायकांचा ७.५२. धावण्यात साधारण दहा टक्के, उडीत त्याहून जास्त, आणि जिथे दंडाची ताकद लागते तिथे फरक आणखी रुंद. जगातल्या सर्वोत्तम बाईला जगातल्या सर्वोत्तम पुरुषाशी शंभर मीटर पळवलं तर ती हरणार. दरवेळी हरणार. हे बोलताना माझी जीभ अडखळत नाही आणि कोणा बाईची अडखळू नये.

अडखळते ती पुढच्या वाक्याशी. ‘हरणार, म्हणजे तिचा खेळ दुय्यम.’ हे कुठून आलं? कुस्तीत ५७ किलोचा पैलवान १२५ किलोवाल्यापुढे टिकणार नाही हे आखाड्यातल्या पोरालाही कळतं. म्हणून ५७ किलो गटातल्या रवी दहियाच्या टोकियो ऑलिंपिकच्या रौप्यपदकाला कोणी ‘हलक्यांचं पदक’ म्हटलं का? बायकांचा गट ही दयेपोटी दिलेली जागा नाही. वजनाच्या गटासारखाच तो एक गट आहे, आणि तो नसता तर आपल्याला पी. टी. उषा कधी दिसलीच नसती. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिचं कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलं. त्याच ऑलिंपिकमध्ये त्याच अंतराची पुरुषांची शर्यत एडविन मोझेसने जिंकली, तिच्या वेळेपेक्षा सात सेकंदांहून लवकर. त्या दिवशी भारतात कोणी म्हटलं का, ‘मोझेसपुढे उषा म्हणजे काय’? अख्खा देश त्या एका शतांशासाठी हळहळला. शर्यतीत जीव अडकायला शेजारी पुरुष पळावा लागत नाही.

फुटबॉलचं मात्र वेगळं दुखणं आहे, आणि आपण गोंयकार असल्यामुळे त्यावर जरा थांबते. २०२२ च्या ऑक्टोबरात फातोर्ड्याला १७ वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाच्या दोन्ही उपांत्य लढती झाल्या. कोलंबिया-नायजेरिया मी स्टेडियममध्ये बसून पाहिली. ०-०, मग पेनल्टी, ६-५ ने कोलंबिया. माझ्या मागच्या रांगेत तीन काका बसले होते, बोलण्यावरून धेंपो-साळगावकर ह्या गोव्याच्या क्लबांचे जुने सामने पाठ असलेले. गोलकीपरच्या डोक्यावरून एक चेंडू क्रॉसबारला घासून गेला तर म्हणाले, ‘मुलगा असता तर हात पोचला असता.’ असता ना! म्हणून तर विचारते, गोल एवढाच उंच कशाला? व्हॉलीबॉलमध्ये पुरुषांचं नेट २.४३ मीटर, बायकांचं २.२४. गोळाफेकीत पुरुषांचा गोळा ७.२६ किलो, बायकांचा ४ किलो. बास्केटबॉलचा चेंडू बायकांना एक नंबर लहान. क्रिकेटचा चेंडू हलका, सीमारेषा जवळ. ह्या खेळांना कोणी खोटं म्हणत नाही. फुटबॉलने मात्र पुरुषांच्या मापाचा गोल, ७.३२ बाय २.४४ मीटर, तसाच बायकांपुढे उभा केला आणि वर गोलकीपरला नावं ठेवायची. मी गोल लहान करा असं म्हणत नाही. मोठ्या खेळाडू बायकांनाच ते नको असेल, त्यांचा हक्क. पण दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालायला लावून वर तो ढगळ दिसतो म्हणून हसू तरी नका.

ताकद आणि कसब ह्यांची गल्लत आपण कायम करतो. आपल्याच शिखा पांडेने, फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलगी, २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात तिथल्या अलिसा हिलीला टाकलेला चेंडू आठवा. ऑफ स्टंपच्या कितीतरी बाहेर पडला आणि आत वळून त्रिफळा घेऊन गेला. वेग पुरुष जलदगती गोलंदाजांच्या आसपासही नव्हता. तो चेंडू बुमराने टाकला असता तर आपण त्याच्यावर पोवाडा रचला असता.

आता बुद्धिबळाकडे येते, कारण इथे माझा सूर बदलतो. जिथे शरीर आडवं येतं तिथे वेगळा गट हवा, ठाम हवा. पण जिथे येत नाही तिथे भिंत कशासाठी? नेमबाजीचं उदाहरण घ्या. ऑलिंपिकमध्ये स्कीट हा उडत्या तबकड्यांवर नेम धरायचा प्रकार १९६८ पासून १९९२ पर्यंत स्त्री-पुरुषांसाठी एकत्र होता. १९९२ ला बार्सिलोनात चीनच्या झांग शानने पुरुषांना मागे टाकून सुवर्णपदक जिंकलं. पुढच्या, १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांसाठी. बायकांचं वेगळं स्कीट आलं २०००मध्ये. म्हणजे ऑलिंपिक विजेतीला आपलं पदक राखायला मैदानात उतरताच आलं नाही. कारणं काय दिली असतील ती असोत, मला तरी ती पटणारी नाहीत. बंदूक तीच, उडणारी तबकडी तीच. १० मीटर एअर पिस्तुलात तर २०१८ च्या आसपासपर्यंत पुरुषांना ६० शॉट आणि बायकांना ४० असायचे. ट्रिगर ओढून बायका दमतात असं कोणाला वाटत होतं, देव जाणे.

घोडेस्वारीत ऑलिंपिकला आजही एकच गट आहे. २०२१ ला रेचेल ब्लॅकमोर ह्या बाईने इंग्लंडमधली ग्रँड नॅशनल ही घोड्यांची शर्यत जिंकली तेव्हा घोड्याने पाठीवर कोण बसलंय ह्याची चौकशी केली नाही.

बुद्धिबळात हंगेरीच्या ज्युडिट पोल्गारने हा वाद केव्हाच मिटवायला हवा होता. ती महिलांच्या जगज्जेतेपदासाठी कधी खेळलीच नाही. पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर हा बुद्धिबळातला सर्वोच्च किताब मिळवला, २००२ ला रॅपिड म्हणजे कमी वेळाच्या डावात माजी जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं, जगात आठव्या क्रमांकापर्यंत गेली. आता कोणी म्हणेल, एकच पोल्गार कशी? बरोबर आहे, एकच. पण दिव्या ग्रँडमास्टर झाली तेव्हा ती भारताची ८८ वी होती आणि बायकांमधली चौथी. त्याआधी हंपी, हरिका, वैशाली. तालुक्याच्या स्पर्धेत ऐंशी मुलगे आणि नऊ मुली बसल्या तर पहिल्या तिघांत मुलगी नसण्यात नवल काय? मेंदूचं कारण शोधायच्या आधी खुर्च्या मोजा. ह्या नवांतल्या किती जणी दहावीनंतर खेळत राहतात, तेही मोजा. मुलग्याला स्पर्धेसाठी चेन्नईला एकटा रेल्वेने पाठवतात. मुलीबरोबर आईला जावं लागतं, आईची रजा, दुसरं तिकीट, खोली वेगळी. खर्च दुप्पट होतो, मग स्पर्धा निम्म्या होतात आणि रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारे गुण, त्याच हिशेबाने अडकतं. आपल्या भक्ती कुलकर्णीने इथूनच खेळून २०१६ ला आशियाई महिला विजेतेपद मिळवलं, २०२२ ला चेन्नईच्या ऑलिंपियाडमध्ये कांस्य जिंकणाऱ्या भारतीय संघात बसली. तिच्यामागे तिच्या घरच्यांनी किती फेऱ्या मारल्या असतील, ते ज्यांच्या मुली खेळतात त्यांनाच कळेल.

मग बुद्धिबळातला महिलांचा गट बंद करावा का? नाही. महिला ग्रँडमास्टर किताबाला २३०० रेटिंग लागतं, ग्रँडमास्टरला २५००. ही खालची पायरी काढली तर पैसे, प्रवास, नोकरी ह्यांची जी थोडी हमी मुलींना मिळते तीही जाईल. पायरी राहू दे. फक्त तिच्यावरच बस म्हणून सांगू नका. वरच्या दोनशे जणांत एक मुलगी दिसली की तिचा पराभव म्हणजे जमातीचा पराभव धरू नका, म्हणजे पुढच्या वेळी तिघी येतील.

हे जागतिक पातळीवर व्हायचं तेव्हा होईल. इथे गोव्यात करता येण्यासारखी एक बारीक गोष्ट आहे, तिच्यासाठी मी गेल्या वर्षी एका स्पर्धेच्या आयोजकांशी हुज्जत घातली. खुल्या स्पर्धांत नियम असतो, एका खेळाडूला एकच बक्षीस, जे मोठं ते. एक मुलगी खुल्या गटात अकरावी आली होती, पुरुष-स्त्रिया सगळे धरून. अकराव्याचं बक्षीस लहान, ‘सर्वोत्कृष्ट महिला’चं मोठं. साहजिकच तिला महिलांचं पाकीट मिळालं. पण अकराव्या क्रमांकाला स्टेजवर नाव घेतलं बाराव्या आलेल्या मुलग्याचं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलेल्या पहिल्या पंधरांत ती नव्हतीच. पंचवीस-तीस मुलग्यांना तिने मागे टाकलं होतं आणि कागदावर त्याचा पत्ता नाही. मी म्हटलं, पैसे एकदाच द्या, पण नाव दोन्हीकडे वाचा, यादीत दोन्हीकडे छापा. आयोजक भला माणूस, डोकं खाजवत म्हणाला, ‘टीचर, सॉफ्टवेअरमध्ये तसं बसत नाही.’ मी म्हटलं, मग पेनाने लिहा. यंदा एप्रिलमध्ये त्यांची स्पर्धा पुन्हा आहे, पेन मी घेऊन जाणार आहे.