चल २!

आमच्या आठवीच्या वर्गात पंच्याहत्तर इंची स्मार्ट बोर्ड आहे. आहे म्हणजे, चादरीखाली आहे. चादर सोलापुरी, मोराच्या नक्षीची, जरा विरलेली, शिपाईमामांनी घरून आणलेली. सोलापूरची धूळ कुणाचं ऐकत नाही. शिवाय बोर्डाची किंमत मोठ्या मॅडमनी एकदा सांगितल्यापासून आम्ही सगळे त्याच्याशी नव्या जावयासारखे वागत होतो. लांबून चौकशी, पण हात लावायचा नाही.

मी मराठी शिकवतो. निवृत्तीला तीन वर्षं उरलीत. ती खडूच्या जोरावर काढावीत असा साधा बेत होता.

मग एका शनिवारी तीन तासांचं ऑनलाइन प्रशिक्षण झालं. पहिला तास ‘माझा आवाज येतोय का?’ यात गेला, दुसरा ‘कृपया माइक बंद ठेवा’ यात, आणि तिसऱ्या तासाला लाईट गेली. प्रमाणपत्र मात्र वेळेवर आलं. मी काचकूच करतोय हे पाहून मॅडमनी शेवटचं अस्त्र काढलं.

“परितेवाडी आपल्याच जिल्ह्यातली ना हो सर? माढा तालुका. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत डिसले सरांनी पुस्तकांना क्यूआर कोड लावले आणि २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळवलं. दहा लाख डॉलर! त्यातले अर्धे अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटून टाकले. तुम्ही निदान चादर तरी काढा.”

मी चादर काढली.

महिनाभर बरं चाललं. पुढं खंडेनवमी आली. त्या दिवशी सोलापुरात मागाची पूजा होते, रिक्षाची होते, पिठाच्या गिरणीची होते. शिपाईमामांनी बोर्डाचीही केली. हळद, कुंकू, झेंडूचा हार, सगळं यथासांग. दसऱ्याची सुट्टी संपवून आलो तर बोर्ड आपोआप रेघा मारतोय! मी ‘कर्तरी प्रयोग’ लिहिलं की खालून एक निळी रेघ सरपटत यायची आणि कर्त्याला खोडून टाकायची. पोरांनी लगेच निदान केलं, “आत भूत हाय बे!” कंपनीच्या माणसाला फोन केला. तो पुण्याहून म्हणाला, “कॅलिब्रेट करा.” हे क्रियापद मी जन्मात चालवलेलं नाही. चार दिवस मी आणि भूत आळीपाळीनं शिकवत होतो.

शेवटी दुसऱ्या बाकावरचा एक पोरगा उठला आणि बोर्डाच्या खालच्या कडेला डोळा लावून बसला. त्याच्या घरी माग आहेत. त्यानं नखानं काहीतरी खरवडून काढलं. झेंडूची पाकळी, कुंकवासकट. नंतर कळलं की या काचेला स्पर्शबिर्श काही कळतच नाही. चौकटीतून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण आडवे-उभे सोडलेले असतात. कुठला आडवा अडला, कुठला उभा अडला, यावरून बोर्ड बोटाची जागा ठरवतो. मग अडवणारं बोट आहे का झेंडू, याची त्याला काय पडलीय!

“मागावर पण असंच होतंय सर,” पोरगा म्हणाला. “नक्षी विणणाऱ्या जकार्डमध्ये काडी अडकली की मोराचा कोंबडा होतोय.”

भूत उतरलं. पण त्याच्यापेक्षा भारी पाहुणा पोरांच्या घरात कधीच शिरला होता: मोबाईलमधला एआय. ‘माझे शहर’ या विषयावर निबंध दिला. त्रेचाळीस वह्या आल्या. त्यातल्या अडतीस वह्यांत पहिलं वाक्य होतं: ‘सोलापूर हे केवळ एक शहर नसून ती एक भावना आहे.’ ज्या पोराला ‘आणि’मधला ‘णि’ पहिला का दुसरा हे आठवीत ठरवता येईना, तो लिहितो, ‘परंपरा व आधुनिकतेचा मनोहर संगम.’ त्यात विठ्ठल मंदिर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर! विठोबा कमरेवर हात ठेवून सत्तरेक किलोमीटरवर पंढरपुरात उभा आहे, तो कधी हलला? सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा श्रावणात! इथं संक्रांतीला नंदीध्वज निघतात आणि गाव रस्त्यावर येतं, हे शेंबड्या पोराला ठाऊक. सिद्धेश्वरांनी स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांची संख्या मात्र बरोबर होती, त्यामुळं मला जास्तच राग आला. पूर्ण खोटं लिहिणाऱ्याला निदान धरता तरी येतं.

उरलेल्या पाचांत एक वही निराळी निघाली. अक्षर कोंबडीचे पाय, पण मजकूर असा: ‘आमची अव्वा दिवसाला हजार विड्या वळती. ती माझ्याशी तेलगू बोलती, शेजारच्या आजीशी कन्नड बोलती आणि पानवाल्याशी भांडताना हिंदी बोलती.’ मला भरून आलं. मी वर्गात ते मोठ्यानं वाचलं. म्हटलं, “बघा! याला म्हणतात स्वतःच्या डोक्यानं लिहिणं. काय गं, तुला नाही वाटलं मोबाईलला विचारावं?”

“रिचार्ज संपला होता सर.”

मी वही मिटली.

“पण सर, ते खोटं का सांगतंय?” मागून प्रश्न आला. प्रश्न रास्त होता, म्हणून व्याकरण बाजूला ठेवलं. म्हटलं, त्याला खरं-खोटं असं काही नसतं. त्यानं जगभरचा ढीगभर मजकूर वाचलाय आणि एका शब्दामागं कुठला शब्द येईल याचा तो अंदाज बांधतो. मी ‘कडक’ म्हणालो तर तुम्ही काय म्हणाल? “भाकरी!” आणि ‘शेंगा’? “चटणी!” अख्खा वर्ग ओरडला. झालं, तो हेच करतो. फरक एवढाच, की तुम्ही ती चटणी खाल्लेली आहे.

त्या जोशात मी जकार्डवरही घसरलो. फ्रान्समध्ये १८०४ साली जकार नावाच्या माणसानं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग काढला. भोक असेल तिथं एक हुकूम, नसेल तिथं दुसरा. तीच पुठ्ठ्यांची युक्ती पुढं इंग्लंडात चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी उचलली. मागवाला पोरगा ताठ बसला. “म्हणजे आमच्या घरी कॉम्प्युटरचा आजोबा आहे सर?” आहे की. आणि तुझे वडील त्याला रोज शिव्या घालतात.

अशात तपासणीची तारीख आली. मॅडमनी ठरवलं, बोर्डावर ‘बोला आणि लिहा’ दाखवायचं. आपण बोलायचं, एआय ऐकून टाईप करणार. रंगीत तालमीत मी दोन पोरं पुढं बोलावली. एकानं दुसऱ्याला ढकललं, “चल बे!” बोर्डावर उमटलं: चल २. “थांब की बे, बोलायलोय की बे!” बोर्ड: थांब की २ बोलायलोय की २. बिचाऱ्यानं ‘बे’ हा शब्द बहुधा पाढ्यातच पाहिलेला. सोलापुरात ‘बे’ ही शिवी नाही आणि आकडा तर नाहीच. ते विरामचिन्ह आहे. त्याच्याशिवाय वाक्य संपलं असं समोरच्याला वाटतच नाही. मी फतवा काढला, तपासणीच्या दिवशी वर्गात एकही ‘बे’ ऐकू येता कामा नये. पोरं दोन दिवस जिभेला गाठ मारून हिंडत होती.

साहेब आले. त्यांचं मराठी इस्त्रीतून काढल्यासारखं. ‘अत्यंत स्तुत्य उपक्रम’ बोर्डावर जसंच्या तसं उमटलं. पोरं प्रवचनकारासारखी बोलली. एकही आकडा नाही. मॅडमच्या चेहऱ्यावर दिवाळी. तेवढ्यात शिपाईमामांनी चहा आणला, साहेबांनी घोट घेतला, तो पोळला, कप कलला आणि पांढऱ्या शर्टावर चहाचा ओघळ आला. साहेब सोबतच्या तरुण लिपिकावर खेकसले,

“बघतोस काय, पाणी आण की बे!”

वर्ग गार. साहेब आमच्याच सोलापूरचे निघाले. बोर्डानं इमानेइतबारे लिहिलं: बघतोस काय पाणी आण की २.

लिपिक जागचा हलायच्या आत शिपाईमामांनी बोर्ड वाचला, मान डोलावली, बाहेर गेले आणि दोन ग्लास घेऊन आले.