स्पार्क प्लगची ‘सात गुपितं’ आणि माझा वाया गेलेला रविवार

रविवारी सकाळी मामेभावाचा फोन. "दादा, इंजिन वीस मिनिटं चालवून मस्त तापवलंय, तुझ्याकडचा तो मीटरभर पाइप घेऊन ये ना, पुढचा मधला प्लग हलत नाहीये." त्याच्या गाडीत व्ही-सिक्स इंजिन आहे, म्हणजे सहा सिलिंडर, तीन पुढच्या रांगेत आणि तीन मागच्या, आणि पेट्रोल पेटवणारा एकेक स्पार्क प्लग प्रत्येकाला. मी म्हटलं पुढचा म्हणजे, आणि मागचे तीन? तर म्हणे ते सोडून द्यायचे असतात, मेसेजमध्ये तसंच लिहिलंय. कुठला मेसेज? मग आला तो फॉरवर्ड. "गॅरेजवाले तुम्हाला कधीच सांगणार नाहीत! अवघड इंजिनचे स्पार्क प्लग घरच्या घरी 20 मिनिटांत!! सात गुपितं" वगैरे. हाच मेसेज गेल्या महिन्याभरात मला चौथ्यांदा आलाय, तीन वेळा डिलीट केला, पण आता घरातलाच माणूस तापलेल्या इंजिनपाशी पाइपची वाट बघत उभा आहे म्हटल्यावर लिहायलाच बसलो.

आधी एक सांगतो, घरी प्लग बदलायला माझा अजिबात विरोध नाही, मी स्वतः बदलतो. अवघड जागेतले सुद्धा. पण त्या कामात ताकद लागत नाही, वेळ लागतो, आणि हा मेसेज नेमकं उलटं शिकवतो.

गुपित पहिलं: "इंजिन गरम असतानाच प्लग काढा, ॲल्युमिनियम फुगतं, प्लग लोण्यासारखा निघतो." यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. ॲल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट पसरतं, म्हणजे हेडमधलं (सिलिंडरवरचा ॲल्युमिनियमचा भाग, ज्यात प्लग बसतो) भोक प्लगपेक्षा जास्त मोठं होतं, बरोबर. पण किती मोठं? 14 मिलिमीटरचा प्लग धरा, 70 अंशांनी तापमान वाढलं धरा, गणित केलं तर फरक येतो साधारण 0.01 मिलिमीटर. एक मिलिमीटरचा शंभरावा भाग! आणि प्लग अडकलेला असतो तो कशाने, तर आट्यांमध्ये बसलेल्या कार्बनने नाहीतर गंजाने, तो काय एवढ्याशा जागेने सुटणार आहे होय. उलट तापलेलं ॲल्युमिनियम मऊ पडतं, आणि अडकलेला प्लग ओढताना हेडचे आटेच प्लगबरोबर सोलून बाहेर येतात. प्लग काही शे रुपड्यांचा... जाऊ दे, किमतीचं बोलत नाही, पण प्लग नवा मिळतो, हेडमधले आटे मिळत नाहीत, तिथे मग नवीन आटे पाडून हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचे तयार आटे, बसवा, आणि तेही मागच्या सिलिंडरला असेल तर हेडच खाली उतरवा.

आणि मेसेजवाल्याने पुढचा विचार केलाच नाहीये, की काढलास गरम इंजिनमध्ये तर नवा बसवणार कधी? त्याच गरम इंजिनमध्ये ना? मग तेच 0.01 मिलिमीटर उलटं फिरतं, हेड गार होताना आवळतं आणि नव्या प्लगला धरून बसतं. पुढच्या वेळी तोच प्लग निघत नाही म्हणून पुन्हा गरम करा. छान धंदा आहे.

फोर्डच्या 5.4 लिटर, सिलिंडरला तीन व्हॉल्व्हवाल्या ट्रायटन इंजिनची गोष्ट यासाठीच सांगतो. त्याच्या प्लगला खाली एक लांब पातळ नळी असायची, ती कार्बनने हेडमध्ये चिकटायची आणि काढताना प्लग मधूनच तुटून खालचा भाग आत राहायचा. इतक्या वेळा झालं की कंपनीने मेकॅनिक लोकांसाठी लेखी पद्धतच काढली. ती काय म्हणते? इंजिन गार करा. प्लग फक्त आठवा ते पाव वळसा ढिला करा, जास्त नाही. कार्ब क्लीनर (कार्बन विरघळवणारं द्रव) ओता, किमान 15 मिनिटं थांबा, मग पुढे-मागे, पुढे-मागे करत हळूहळू काढा. जगातला सगळ्यात हट्टी प्लग काढायची कंपनीची पद्धत, आणि तिच्यात ना गरम इंजिन आहे ना पाइप. म्हातारे मेकॅनिक कधीकधी कोमट इंजिनवर एखादा प्लग सोडवतात हे मी पाहिलंय, पण कोमट म्हणजे हात ठेवता येईल इतपत, आणि त्या हाताला चाळीस वर्षांचा सराव असतो.

पाइपचं तर दुसरं गुपितच आहे. "पाना छोटा पडला तर पाइप लावा." इथे शांतपणे हिशोब करा. 14 मिलिमीटरचा वॉशरवाला प्लग ॲल्युमिनियम हेडमध्ये 25 ते 30 न्यूटन मीटर टॉर्कवर (म्हणजे फिरवण्याच्या जोरावर) बसवायचा असतो, हा एनजीके या प्लग बनवणाऱ्या कंपनीचाच आकडा आहे. पाव मीटरच्या पान्याने तेवढं करायला हाताला साधारण 12 किलोचा जोर लागतो. आता मीटरभराचा पाइप लावलात आणि तोच 12 किलोचा जोर दिलात तर झालं चौपट, म्हणजे 120 न्यूटन मीटरच्या आसपास. तुम्हाला वाटतं आपण हळूच ओढतोय. त्यातून अवघड जागेत सरळ सॉकेट जातच नाही, दोन एक्स्टेंशन (पान्याला लांबी देणारे दांडे) आणि मध्ये युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे वाकणारा सांधा, असतो, तो वाकलेला असतो, म्हणजे जोर फिरवण्यात कमी आणि आडवा जास्त जातो. प्लगचा वरचा पांढरा भाग चिनी मातीसारखाच सिरॅमिक आहे हो. आडवा जोर आला की टचकन फुटतो. (जॉइंट लुळा पडत असेल तर त्याच्यावर इन्सुलेशन टेपचे दोनतीन वेढे द्या, थोडा कडक राहतो आणि तरी वाकतो. ही युक्ती मेसेजमध्ये असती तर मीच फॉरवर्ड केला असता.)

आता माझं लाडकं गुपित, चौथं. वाचा नीट: "व्ही-सिक्समध्ये फक्त पुढचे तीन प्लग बदला, मागच्यांना समोरचं वारं लागत नाही म्हणून त्यांची ठिणगी शांत असते व ते झिजत नाहीत." शांत ठिणगी! म्हणजे मागचे प्लग ध्यानाला बसलेत बहुतेक.

प्लग वाऱ्याने झिजत नाही, ठिणगीने झिजतो. प्रत्येक ठिणगीला इलेक्ट्रोडचा, म्हणजे ज्या दोन टोकांमध्ये ती उडते त्यांचा, कणभर धातू उडतो आणि त्यांच्यातली फट, गॅप, वाढते. चार स्ट्रोकच्या इंजिनमध्ये दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरला एक ठिणगी, पुढचा असो की मागचा, इंजिनला काय माहीत तुम्ही बॉनेटच्या कुठल्या बाजूला उभे आहात. 2000 आरपीएमला मिनिटाला हजार ठिणग्या. 1 लाख किलोमीटर सरासरी 50 च्या वेगाने म्हणजे 2000 तास, गुणाकार केला तर एकेका प्लगच्या वाट्याला 12 कोटी ठिणग्या येतात. सहाच्या सहाला. आणि ठिणगीसाठी वीज देणारी एक कॉइल दोन सिलिंडरना मिळून असते अशा जुन्या सिस्टीममध्ये तर आणखी मजा, तिथे जोडीदाराबरोबर उगाच उडणारी फुकटची ठिणगी धरून आकडा दुप्पट, शिवाय जोडीतल्या एका प्लगमध्ये करंट मधल्या इलेक्ट्रोडकडून बाहेरच्याकडे जातो आणि दुसऱ्यात उलटा, म्हणजे जोडीतले दोघे झिजतात पण वेगवेगळ्या जागी.

मग मागचे तीन सोडा असं का लिहिलंय? सरळ आहे, कारण ते दिसत नाहीत. आडव्या बसवलेल्या बऱ्याच व्ही-सिक्समध्ये मागची रांग केबिनच्या भिंतीला चिकटलेली असते आणि तिच्यावर इनटेक मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) वरचा भाग, प्लेनम, पालथा पडलेला असतो. तो काढल्याशिवाय हात जात नाही. काही गाड्यांत चाचपडत, नुसत्या स्पर्शाने जमतं, तेही खरं. पण "मला जमलं नाही" याला "गरजच नाही" म्हणायचं, हे काय? जुने तीन तसेच ठेवले की त्यातला एखादा मिसफायर करणार, म्हणजे पेट्रोल पेटवायचं चुकवणार, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळणार, आणि स्कॅनरवर P0301 ते P0306 मधला (सिलिंडर 1 ते 6 च्या मिसफायरचा) कुठलातरी कोड आला की हेच लोक म्हणणार नवे प्लग डुप्लिकेट होते.

प्लेनम काढणं भयंकर नाहीये, कंटाळवाणं आहे. बॅटरीची निगेटिव्ह काढा, प्रत्येक पाइपचा आणि कनेक्टरचा फोटो काढा, कनेक्टरच्या क्लिपा उष्णतेने बिस्किटासारख्या झालेल्या असतात त्या ओढू नका, दाबून सोडवा. प्लेनम निघाला की खाली सहा उघडी तोंडं दिसतात, त्यात लगेच स्वच्छ फडकी कोंबा आणि किती कोंबली ते मोजा, कारण तिथे पडलेला नट थेट व्हॉल्व्हपर्यंत जातो. बसवताना गॅस्केट (सांध्यातून हवा गळू नये म्हणून मध्ये घालायची पट्टी) नवीन, बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे आवळत. मेसेजमधलं "गॅस्केट पुसून परत वापरा" हे पाचवं गुपित एवढ्यातच निकालात निघालं, दबलेली गॅस्केट हवा सोडते आणि मग गाडी उभ्या उभ्या हुंदके देते.

तिसरं आणि सहावं पटकन. "प्लगला भरपूर कॉपर ग्रीस लावा आणि अंगातला सगळा जोर लावून आवळा." पुन्हा एनजीकेच: त्यांच्या प्लगच्या आट्यांवर आधीच प्लेटिंग असतं, ग्रीस लावू नका, कारण घर्षण कमी झाल्याने त्याच टॉर्कवर प्लग 20 टक्क्यांपर्यंत जास्त आवळला जाऊ शकतो. वरून अंगातला सगळा जोर! मग कोणी म्हणेल फोर्डच्या त्या इंजिनला ग्रीस सांगितलंय. हो, निकेलवालं, आणि खालच्या नळीला, आट्यांना नाही. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) जात नसेल इतकी अडचण असेल तर नवा वॉशरवाला प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि मग अर्धा ते दोन तृतीयांश वळसा. शंकूसारख्या बुडाचा, वॉशर नसलेला प्लग असेल तर टेकल्यावर वळशाचा फक्त सोळावा भाग, हा फरक ज्याला माहीत नाही त्याने आवळायलाच जाऊ नये. आणि सुरुवात पान्याने करायचीच नाही. रबरी नळीचा तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवा, त्याने फिरवा, आटे चुकले तर नळीच घसरते, हेड वाचतं. ढिला ठेवणंही धोक्याचं बरं का, प्लगची उष्णता त्या वॉशरमधून आणि आट्यांमधूनच हेडमध्ये जाते, नीट टेकला नाही तर तो लालबुंद होतो.

सातवं, जुने प्लग पॉलिश पेपरने घासून परत लावा. कार्बुरेटरच्या काळातल्या निकेलच्या प्लगला चालायचं ते, आजोबांनी केलंय, मान्य. इरिडियमच्या प्लगचं मधलं टोक 0.4 ते 0.6 मिलिमीटर जाड असतं, त्याला पॉलिश पेपर? त्या टोकावर नाण्यासारखं गॅप गेज घुसवून फिरवलं तरी ते मोडतं. आणि शेवटी ते "मायलेज 30 टक्के वाढेल", यावर मी काही लिहित नाही, मिसफायर होत असेल तर गेलेलं परत येतं एवढंच.

जे मेसेजमध्ये कुठेच नाही आणि सगळ्यात आधी करायचं असतं ते म्हणजे प्लग ढिला करण्याआधी त्याच्या खड्ड्यात हवा मारणं. वर्षानुवर्षांची माती, वाळू तिथे साचलेली असते, प्लग निघाला की ती सरळ सिलिंडरमध्ये.

तर आमच्या घरचं असं झालं की इंजिन गार व्हायला दुपार गेली, तोवर मी हे अर्धं लिहून काढलं. पुढचा मधला प्लग थेंबभर पेनिट्रेटिंग ऑइल आणि चहाएवढा वेळ दिल्यावर काही न बोलता निघाला. संध्याकाळी प्लेनम उतरवला, मागचे दोन निघाले, गॅप बघून भावाचा चेहरा बघण्यासारखा होता, पुढच्यांपेक्षा तसूभरही कमी झिजलेले नव्हते. कोपऱ्यातला सहावा पाव वळशावर करकरला, तसा परत आवळायला लावला आणि ऑइल सोडून रात्रभर भिजत ठेवलाय. पाइप माझ्याच घरी आहे. आणि आतमध्ये फडकी सहा आहेत, असं त्याने कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्टिअरिंगला चिकटवलंय.