महोगनीचे दीड कोटी येतात कुठून?

“एक एकर, 400 झाडं, 12 वर्षं, दीड कोटी रुपये.” महोगनी लागवडीचा हा मेसेज गेले काही महिने आमच्या घरच्या ग्रुपवर फिरतोय. मुरबाडच्या मामांनी तो मनावर घेतलाय. वरकस जमिनीवर खड्डे मारून झाले, आता रोपांचे पैसे भरायचे आहेत. म्हणून घाईने लिहितोय.

पहिला दावा, बाराव्या वर्षी झाडामागे 20 घनफूट लाकूड. वखारीत गोल लाकूड मोजायची रीत जुनी आहे: गोलाईचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. इथे ठाण्यात आमच्या सोसायटीच्या कंपाउंडलगत 15 वर्षांचं महोगनी उभं आहे. रविवारी छातीच्या उंचीवर टेप लावला. गोलाई 38 इंच. सरळ खोड 7 फूट, त्यावर झाड दुभंगलेलं. साडेनऊचा वर्ग सव्वानव्वद, गुणिले 7, भागिले 144. सालीसकट साडेचार घनफूटही भरत नाही! 10 फुटी ओंडक्यातून 20 घनफूट काढायचं तर गोलाई 68 इंच हवी. 10 बाय 10 फुटांवर दाटीने वाढणारं झाड 12 वर्षांत तेवढं जाड होईल, हे मला पटत नाही.

“कीड लागत नाही” हे तर साफ खोटं. महोगनीचा मोठा शत्रू म्हणजे शेंडा पोखरणारी अळी, हिप्सिपायला. कोवळ्या शेंड्यात शिरून ती आतून खाते. शेंडा वाळतो, बाजूचे फुटवे वर धावतात आणि खोड दुभंगतं. पैसे मिळतात ते सरळ खोडाचे, आणि अळी नेमकं तेच बिघडवते. नुसती महोगनीच ओळीने लावली की अळीचं आणखी फावतं.

आता घनफुटाला 2000 रुपये भावाचा दावा. महोगनीचं नाव झालं ते मेक्सिकोपासून ब्राझील-बोलिव्हियापर्यंतच्या जंगलांतल्या जुन्या, जाड झाडांमुळे. त्यांचा लालसर तपकिरी गाभा वाळताना फारसा आकसत नाही, पीळ खात नाही. म्हणून त्याच्या होड्या झाल्या, गिटारच्या माना झाल्या, उंची फर्निचर झालं. तोड इतकी झाली की 2003 पासून तिथल्या महोगनीचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींचा व्यापार आवरणाऱ्या कराराच्या नियंत्रणाखाली आहे. 12 वर्षांच्या झाडात गाभा थोडा, बाहेरचं फिकं लाकूड जास्त. त्याला त्या जुन्या लाकडाचा भाव कोण देणार?

पाणी लागत नाही म्हणे. मुरमाड जमिनीत पहिली दोन-तीन वर्षं फेब्रुवारी ते मे रोपं पाण्यावाचून जगवून दाखवा. पाच किलोमीटरवर डास फिरकत नाहीत हाही दावा आहे. आमच्या त्याच झाडाखाली संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहवत नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला “कंपनी करार करून माल उचलेल” या ओळीची वाटते. नव्वदच्या दशकात सागाच्या योजना अशाच आल्या होत्या. लोकांचे पैसे बुडाले, मग 1999 मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम आणले. 12 वर्षांनी तो सही करणारा माणूस कुठे शोधायचा?

झाड वाईट नाही. बांधावर 20 महोगनी लावा, बाकी रानात साग, शिवण, ऐन असू दे. पण मामा, रोपांचे पैसे भरायच्या आधी एकदा ठाण्याला या. टेप घरात आहे, झाड गेटजवळच आहे.